‘कुठं सही करू?’ : म्युच्युअल फंड वितरकाने पाळायची शिस्त

सातारा-सांगलीकडे फंडाचा फॉर्म भरायला बसलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, ‘कुठं सही करू?’ समोरचा एजंट भावकीतला असतो, मुलाच्या शाळेतला शिक्षक असतो, नाहीतर वीस वर्षं विम्याचा हप्ता घरी येऊन नेणारा असतो. सही ओळखीवर होते, कागद वाचला जात नाही. म्हणून या भागात फंड विकणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरून काम करावं : आपण जे सांगू तेवढंच समोरच्याला कळणार आहे. जे सांगणार नाही, ते त्याला नुकसान झाल्यावर कळेल. खाली दिलेली पद्धत त्यासाठी आहे.

पाटीवर काय लिहायचं

एनआयएसएम या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकाची, म्हणजे फंड विकणाऱ्याची परीक्षा, त्यानंतर फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी देते तो एआरएन हा नोंदणी क्रमांक आणि प्रत्यक्ष ग्राहकाशी बोलणाऱ्या माणसाचा स्वतःचा ईयूआयएन हा ओळख क्रमांक, एवढं असल्याशिवाय फंडाचा व्यवहार करता येत नाही. परीक्षेचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ही मुदत डायरीत लिहून ठेवा. नूतनीकरण राहून गेलं तर त्या काळातल्या व्यवहारांवरचं कमिशन अडकतंच, शिवाय ग्राहकाला उत्तर देण्याचा अधिकारही राहत नाही.

पाटीवर, कार्डावर, व्हॉट्सॲपच्या नावाखाली ‘ॲम्फी नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक’ असं लिहा आणि शेजारी एआरएन द्या. ‘गुंतवणूक सल्लागार’, ‘वेल्थ मॅनेजर’, ‘फायनान्शियल प्लॅनर’ हे शब्द लावू नका. सल्लागार हा शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१३च्या नियमांखाली वेगळी नोंदणी असलेला माणूस. तो ग्राहकाकडून फी घेतो. वितरकाला फंड कंपनी पैसे देते. एकाच ग्राहकासाठी दोन्ही कामं करता येत नाहीत. पाटीवरचा चुकीचा शब्द वाचून माणूस समजतो की हा आपल्या बाजूने बसलाय, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

चुलतभावाचा एआरएन वापरून धंदा करणं आपल्याकडे सर्रास चालतं. फॉर्मवर एकाचा ईयूआयएन आणि घरी जाऊन बोलणारा दुसराच. तक्रार झाली की ज्याचा क्रमांक आहे त्याला ग्राहकाचा चेहराही माहीत नसतो. असा क्रमांक देऊ नका, घेऊही नका. ईयूआयएनची जागा ‘सल्ल्याशिवाय केलेला व्यवहार’ म्हणून कोरी सोडायची सोय आहे, पण ती ग्राहक स्वतः ठरवून आला असेल आणि तसं त्याने सहीने मान्य केलं असेल तरच. आपण योजना सुचवायची आणि अंगाशी येऊ नये म्हणून जागा कोरी ठेवायची, ही लबाडी आहे.

योजनेचं नाव काढण्याआधी

पहिल्या भेटीत एकाही योजनेचं नाव काढू नका. एक कागद घ्या आणि विचारून लिहा : घरात कमावणारे किती, पैसा कोणत्या महिन्यात येतो, कर्ज किती आणि कोणत्या व्याजाने, आरोग्य विमा आहे का, ठेवी कुठे आहेत, हे पैसे कधी आणि कशासाठी लागणार, आणि मध्येच तीस-चाळीस टक्के कमी दिसले तर तुम्ही काय कराल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. ‘झोप लागायची नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाला स्मॉल कॅप (लहान कंपन्यांच्या शेअरचा फंड) विकायचा नसतो, मग मागच्या वर्षीचा परतावा कितीही असो. कागदावर तारीख टाका, त्याची सही घ्या, एक प्रत त्याला द्या.

कर्जाचा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. सोनेतारण, पतसंस्थेचं कर्ज किंवा हातउसने पैसे डोक्यावर असताना एसआयपी (ठरल्या तारखेला खात्यातून जाणारा फंडाचा हप्ता) सुरू करून देणं म्हणजे त्या माणसाला एका हाताने बारा-चौदा टक्के भरायला लावून दुसऱ्या हाताने अनिश्चित परताव्याची आशा दाखवणं. आधी कर्ज फेडायला सांगा. पीककर्जाचंही तसंच : मुदतीत भरलं तर व्याजाची सवलत मिळते. फंडात पैसे गुंतवल्यामुळे मुदत हुकली तर ती सवलत जाते, आणि तो तोटा कुठल्या विवरणपत्रात दिसत नाही. ग्राहकाने कर्ज फेडलं तर तुमचं कमिशन बुडतं हे खरं, पण नेमकं इथेच वितरक कोणाचा आहे ते कळतं.

आता पैसा येण्याच्या वेळेबद्दल. एसआयपीची सगळी रचना पगारदाराला डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. वाळवा-कराडच्या ऊस उत्पादकाचा पैसा कारखान्याच्या बिलावर असतो. तासगावच्या बागायतदाराचा द्राक्ष आणि बेदाण्याच्या हंगामावर, तर सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणणाऱ्याचा सौद्यावर. अशा माणसाला दरमहा पाच तारखेची पाच हजारांची एसआयपी लावली की श्रावणात खातं रिकामं असतं, हप्ता परत जातो, बँक दर वेळी दंड कापते आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती बंद होते. माणूस म्हणतो, ‘फंडात पैसे कापले जातात.’ त्याचं चुकत नाही, त्याला मांडणीच चुकीची दिली गेली होती.

त्याच्यासाठी सरळ मार्ग असा : बिल आल्यावर आधी पुढच्या हंगामाचा खर्च, म्हणजे बियाणं, खत, मजुरी, मुलांची फी, बाजूला काढायचा आणि तो बँकेतच ठेवायचा. वर सहा महिन्यांचा घरखर्च ठेवीत. त्यातून उरलेली आणि पाच-सात वर्षं लागणार नाही अशी रक्कमच इक्विटीच्या, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडाच्या, विचाराला घ्यायची. ती एकदम टाकायची भीती वाटत असेल तर लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांच्या फंडात) ठेवून दरमहा थोडी-थोडी वळवता येते. मात्र ते सांगताना दोन गोष्टी सोबत सांगा : लिक्विड फंडातून पहिल्या सहा दिवसांत पैसे काढले तर थोडा निर्गमन भार (लवकर पैसे काढल्याबद्दल कापली जाणारी रक्कम) लागतो, आणि असं प्रत्येक वळवणं कराच्या हिशेबात विक्री धरलं जातं.

सातारा जिल्ह्यात आणखी एक ग्राहक नेहमी भेटतो : पेन्शनीत आलेला फौजी. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी माणूस सैन्यात गेलेला. जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठी रक्कम एकगठ्ठा खात्यावर येते. बातमी गावभर होते, आठवड्यात चार एजंट दारात येतात. या माणसाकडे पहिल्या महिन्यात फॉर्म नेऊ नका. त्याला घर बांधायचं असतं, बहिणीचं लग्न असतं, दुसरी नोकरी मिळेपर्यंतचा काळ काढायचा असतो. पैसा बँकेत ठेवून तीन महिने थांबायला सांगा, आणि त्यातल्या कोणत्या कामाला किती लागणार ते त्याच्या घरच्यांसमोर, पत्नीला सोबत बसवून लिहून घ्या. घाई करणारा एजंट या पैशाची वाट लावतो, हे गावोगावी दिसतं.

विकताना काय बोलायचं

‘एफडीसारखंच आहे, फक्त व्याज जास्त,’ हे वाक्य तोंडातून कधीही जाऊ देऊ नका. पतसंस्था बुडालेल्या पाहिलेला माणूस ‘व्याज’ शब्द ऐकला की मुद्दल सुरक्षित आहे असं धरून चालतो. फंडात व्याज नसतं, मुद्दलाची हमी नसते, आणि ठेव विमाही नसतो. हे तीन वाक्यांत, त्याच्या बोलीत सांगा. मग रिस्कोमीटर, म्हणजे योजनेच्या कागदावरचा जोखमीचा काटा, दाखवा. त्यात ‘कमी’ ते ‘अतिशय जास्त’ अशा सहा पायऱ्या आहेत, आणि बहुतेक इक्विटी योजनांचा काटा शेवटच्या पायरीवर असतो. बोट ठेवून दाखवा. टक्के सांगण्यापेक्षा रुपयांत सांगा : ‘दहा लाख टाकले तर एखाद्या वाईट वर्षी सहा किंवा पाच लाख दिसू शकतात. २००८मध्ये सेन्सेक्स निम्म्याहून जास्त पडला होता. २३ मार्च २०२० या एका दिवशी तेरा टक्के पडला.’ हे ऐकून उठून जाणारा ग्राहक गेलेला बरा.

डेट फंड, म्हणजे कर्जरोख्यांत गुंतवणारा फंड, सुरक्षितच असतो, असंही नाही. २३ एप्रिल २०२० रोजी एका फंड घराण्याने आपल्या सहा कर्जरोखे योजना एकाच दिवशी बंद केल्या आणि पंचवीस हजार कोटींहून जास्त रक्कम अडकली. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले, पण ज्याचं त्या जूनमध्ये लग्नकार्य होतं त्याला त्याचा काय उपयोग? डेट फंड सुचवताना त्यातले रोखे कोणत्या मानांकनाचे आहेत आणि किती मुदतीचे आहेत, या दोन गोष्टी योजनेच्या माहितीपत्रकावर (फॅक्टशीट) स्वतः पाहूनच बोला.

एका युनिटचा, म्हणजे फंडातल्या एका हिश्श्याचा, दहा रुपये भाव ही दुसरी जुनी फसगत. नवीन योजना ‘स्वस्त’ म्हणून विकली जाते. हिशेब मांडून दाखवा : एक लाखात दहा रुपयांच्या योजनेचे १०,००० युनिट मिळतात, दोनशे रुपयांच्या योजनेचे ५००. आतले शेअर दहा टक्के वाढले की दोन्हीकडे १,१०,००० होतात. नव्या योजनेला मागचा इतिहास नसतो, एवढाच काय तो फरक. जुन्या योजनांत मिळत नाही असं काही नवीनमध्ये असेल तरच ती सुचवावी.

लाभांशाचंही तेच. २०२१पासून त्या पर्यायाचं नावच बदललं आहे : उत्पन्न वाटप आणि भांडवल काढून घेणे, म्हणजे आयडीसीडब्ल्यू. नाव बदललं कारण जुन्या नावाने लोक फसत होते. पंचवीस रुपये भाव असताना दोन रुपये वाटले की भाव तेवीस होतो, पैसा आपल्याच खिशातून आपल्याच हातात येतो. शिवाय तो उत्पन्नात धरला जातो आणि माणसाच्या कराच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. ‘दरमहा पेन्शनसारखे पैसे येतील’ म्हणून निवृत्त शिक्षकांना हा पर्याय विकणं थांबलं पाहिजे. रक्कम किती आणि कधी येईल याची कसलीही खात्री नसते.

कमिशन : न विचारता सांगायचं

१ ऑगस्ट २००९पासून ग्राहकाच्या पैशातून प्रवेश भार (गुंतवतानाच घेतली जाणारी रक्कम) कापणं बंद झालं, आणि २२ ऑक्टोबर २०१८च्या सेबीच्या परिपत्रकाने आगाऊ कमिशनही संपलं. आता वितरकाला पैसे फंडात राहतील तोवर ट्रेल नावाचं चालू कमिशन मिळतं, आणि ते योजनेच्या खर्चातून म्हणजे शेवटी गुंतवणूकदाराच्याच पैशातून जातं. ‘मला कंपनी देते, तुमचं काही जात नाही’ हे वाक्य खोटं आहे.

सांगायची पद्धत सोपी आहे. सुचवलेल्या योजनेवर आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या दोन-तीन योजनांवर तुम्हाला किती टक्के मिळतात ते एका कागदावर लिहून द्या, शेजारी रुपये लिहा. समजा ०.८ टक्के असेल तर पाच लाखांवर वर्षाला चार हजार. आणि १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅनही असतो, त्यात वितरकाचा वाटा नसतो, हेही सांगा. फरक दीर्घकाळात लहान राहत नाही : गणितापुरते दर धरले तर दहा लाख रुपये पंधरा वर्षांत ११ टक्क्यांनी सुमारे ४७ लाख ८५ हजार होतात आणि ११.८ टक्क्यांनी सुमारे ५३ लाख २९ हजार. या साडेपाच लाखांच्या बदल्यात आपण काय देणार, ते वितरकाला सांगता आलं पाहिजे : केवायसीची दुरुस्ती, वारसाची कामं, वर्षातून एकदा घरी बसून आढावा, पडत्या बाजारात फोन. ज्याला हे सगळं स्वतः करता येतं त्याला डायरेक्टचा रस्ता दाखवायला लाजू नये. सहामाही एकत्रित विवरणपत्रात कमिशनचा आकडा छापून येतोच. तो तिथे पहिल्यांदा दिसण्यापेक्षा आपल्या तोंडून ऐकलेला बरा.

कमिशनचा काही भाग ग्राहकाला परत देणं, चांदीचं नाणं, मिक्सर, ‘पहिला हप्ता माझ्याकडून’, हे सगळं नियमाविरुद्ध आहे. फंड कंपन्यांनी प्रशिक्षणाच्या नावाखाली वितरकांना सहली आणि भेटी देण्यालाही २०१८च्या त्याच परिपत्रकाने मनाई केली. इथला एक धडा लक्षात ठेवण्यासारखा : मोठ्या तीस शहरांबाहेरून, म्हणजे आपल्यासारख्या भागातून, नवा पैसा आणल्याबद्दल जादा मोबदला मिळत असे. काहींनी त्यासाठी एकच रक्कम तुकडे करून फिरवली, आणि २०२३मध्ये तो मोबदला स्थगित झाला. प्रामाणिकपणे जत-आटपाडीपर्यंत फिरणाऱ्यांचंही त्यात नुकसान झालं.

फॉर्म, चेक आणि मोबाइल नंबर

कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवू नका, ग्राहक स्वतःहून देत असला तरी. फॉर्म त्याच्यासमोर भरा. योजनेचं पूर्ण नाव, रेग्युलर (वितरकामार्फत) की डायरेक्ट, ग्रोथ (नफा योजनेतच राहणारा) की आयडीसीडब्ल्यू, रक्कम, हे चार रकाने मोठ्याने वाचून मगच सही. भरलेल्या फॉर्मचा फोटो त्याच्याच मोबाइलमध्ये काढून द्या. त्याच्या वतीने सही करणं ही बनावट सही आहे, मग तो फोनवर ‘करून टाक’ म्हणाला असला तरी. अंगठा असेल तर साक्षांकन लागतं.

मोबाइल आणि ईमेलच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकणं ही आपल्याकडची सगळ्यात पसरलेली चूक. ‘मावशीला फोन वापरता येत नाही’ हे कारण असतं. परिणाम असा की विक्रीचा ओटीपी, विवरणपत्र, सगळं एजंटकडे जातं आणि मावशीला तिच्याच पैशाची बातमी लागत नाही. मुलाचा किंवा सुनेचा नंबर द्या आणि फॉर्ममधला ‘हा नंबर कुटुंबातील कोणाचा’ हा रकाना भरा. ग्राहकाचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागू नका. पॅन-आधारचे फोटो काम झालं की फोनमधून काढून टाका.

रोख रक्कम हातात घेऊ नका, आणि स्वतःच्या खात्यावर तर एक रुपयाही नको. चेक योजनेच्या नावाने आणि गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्याचा हवा. एकत्र कुटुंबात इथेच अडतं : सगळा पैसा वडिलांच्या खात्यावर आणि फोलिओ (फंडातलं खातं) सज्ञान मुलाच्या नावावर. हा तिसऱ्याचा चेक समजून परत येतो. वडिलांनी आधी मुलाच्या खात्यावर वर्ग करावेत, मग गुंतवणूक. अज्ञान मुलाच्या फोलिओसाठी मात्र आई-वडिलांच्या खात्यातून पैसे चालतात.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचं केवायसी वारंवार अडतं : पॅन माहेरच्या नावाने, आधार आणि बँक सासरच्या. गुंतवणुकीआधीच तिन्ही कागद एका नावावर आणून घ्या. पैसे टाकताना कदाचित चालून जाईल, पण काढताना हमखास अडेल. विट्याच्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली माणसं वर्षभर परराज्यांत असतात, त्यांच्या केवायसीत सध्याचा पत्ताही नोंदवा.

‘आजच्या भावाने घेऊन देतो’ असं वचन देऊ नका. बहुतेक योजनांसाठी दुपारी तीनची वेळ असते, आणि अर्ज वेळेत पोचूनही पैसे फंडाच्या खात्यात ज्या दिवशी वेळेत जमा होतील त्या दिवशीचा भाव लागतो.

योजना बदलण्याचा मोह

बदल सुचवण्याआधी कागदावर खर्च मांडायचा, हा नियम करून टाका. उदाहरण : पाच लाखांचे आठ लाख झालेत, इक्विटी योजना, वर्षाहून जुनी. विकली तर तीन लाख नफा. त्यातले सव्वा लाख करमुक्त, उरलेल्या पावणेदोन लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे २१,८७५ रुपये, चार टक्के उपकर धरून २२,७५०. वर्षाच्या आत विकली तर नफ्यावर वीस टक्के, आणि बहुतेक योजनांत एक टक्का निर्गमन भारही. नवी योजना एवढं भरून काढेल असं कशावरून, ते लिहून द्या. ‘गेल्या वर्षी ती पहिली आली’ हे कारण पुरेसं नाही. योजनेचं धोरण बदललं, ग्राहकाची गरज बदलली, किंवा त्याच प्रकारच्या योजनांपेक्षा ती तीन-चार वर्षं सतत मागे राहिली, अशी कारणं चालतील.

बाजार पडतो तेव्हा

या काळात फोन बंद ठेवणारा वितरक कायमचा गेला असं समजा. आठवड्यात सगळ्या ग्राहकांना स्वतः फोन करा, आणि पहिल्या भेटीतला कागद समोर ठेवून बोला : पैसे कशासाठी, कधी लागणार. गरज वर्षभरावर आली असेल तर काढायला मदत करा, तोटा असला तरी. गरज लांब असेल तर थांबायला सांगा, पण ‘दोन महिन्यांत वर येईल’ असं म्हणू नका. कर्ज काढून ‘स्वस्तात घ्या’ असा सल्ला तर मुळीच नको. इक्विटीचे पैसे विकल्यावर साधारण दोन ते तीन कामाच्या दिवसांत बँकेत येतात. कमिशन वाचवायला विक्रीचा फॉर्म रेंगाळत ठेवणं हा थेट विश्वासघात.

ग्राहकाची तक्रार आली तर लेखी घ्या, तारीख टाकून पोच द्या, फंड कंपनीकडे पाठवा. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर आणि त्यापुढे स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन तंटा सोडवण्याच्या सोयीकडे कसं जायचं ते त्याला दाखवा, तक्रार आपल्याविरुद्ध असली तरी.

घरातल्यांसाठी एक कागद

नॉमिनी भरताना एक गोष्ट स्पष्ट सांगा : नॉमिनीच्या हाती पैसा येतो, पण तो मालक होतोच असं नाही, वारसांचा हक्क कायद्याने राहतो. आता दहापर्यंत नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहिता येतो. भावाभावांत जमिनीचे वाद चालू असलेल्या घरात हे नीट भरलेलं असणं फार उपयोगी पडतं. लग्नाआधी आईला नॉमिनी केलेला मुलगा नंतर ते बदलायला विसरतो. वार्षिक आढाव्यात हा रकाना उघडून पाहायचाच.

शिवाय प्रत्येक ग्राहकाला एक पानी यादी करून द्या : फंड कंपनी, फोलिओ क्रमांक, योजनेचं पूर्ण नाव, नोंदवलेलं बँक खातं, नॉमिनी. सातबारा आणि विम्याच्या पॉलिसी जिथे ठेवल्या असतील तिथेच ती ठेवायला सांगा, आणि कुठे ठेवली ते घरात दुसऱ्या कोणाला तरी माहीत असू द्या. माणूस गेल्यावर पंधरवडा जाऊ द्या, मग स्वतः जा. मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं केवायसी आणि रद्द केलेला चेक घेऊन हस्तांतराचा अर्ज प्रत्येक फंड घराण्याकडे वेगवेगळा द्यावा लागतो. जुन्या फोलिओंचा पत्ता लागत नसेल तर २०२५पासून सुरू असलेल्या मित्र या शोधसेवेवर त्यांच्या पॅनने तपासता येतं.